जरासा तिरपा आरसा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. पण भिंतीवरचा नव्हे. भिंतीवरच्या आरशाचा थाट मोठा. त्याच्यासमोर माणसं ताठ बसतात आणि चेहरा सोयीचा करून घेतात. मी हातात धरायचा, ताटलीएवढा गोल, लाकडी चौकटीचा आणि आखूड दांड्याचा आरसा. पार्लरमध्ये केस कापून झाले की कापणारी बाई खुर्चीमागे उभी राहते, "मागचं दाखवते हं," म्हणते आणि मला उचलून तुमच्या मानेमागे धरते. मग समोरच्या मोठ्या आरशात तुम्हाला तुमच्या डोक्याची मागची बाजू दिसते, जी एरवी जन्मात दिसत नाही. तुम्ही क्षणभर बघता, "छान," म्हणता आणि उठता. माझं काम तेवढंच. बत्तीस वर्षं मी तेवढंच करत आलो आहे, आणि खरं सांगतो, आता दमलो आहे.

माझी कहाणी सांगायला बसलो आहे ती कौतुक करून घ्यायला नाही. माझ्या हातून एक चूक झाली. 'हातून' म्हणायचं ते आपली बोलायची पद्धत म्हणून. मला कुठले हात? मी कायम दुसऱ्याच्या हातात. पण त्या चुकीत मी होतो, आणि ती कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म कारखान्यातला. काचेच्या मोठ्या तक्त्यावर कारागिराने हिऱ्याची कणी गोल फिरवली, हलकी टिचकी मारली आणि मी सुटा झालो. कडा घासल्या तेव्हा अंगाची नुसती आग झाली. मग पाठीवर चांदीचा पातळ लेप बसला, त्यावर तपकिरी रंगाचे दोन हात, आणि सुताराने कातलेल्या चौकटीत मला घट्ट बसवलं. शेवटी एका बाईने मला पुसून उजेडात धरलं. आरशावर कुठे डाग राहिला आहे का, हे तपासायचं तिचं काम. दिवसाला शेकडो आरसे तिच्या हाताखालून जात, पण माझ्यात बघता बघता तिने कपाळावरची बट मागे सारली. मी पाहिलेला पहिला चेहरा तो. ती बाई कोण होती, मला आजही माहीत नाही.

दुकानातून मला निवडून आणलं मावशीने. ती माझी पहिली मालकीण. सख्खी भाची तिला एकच होती, पण तिला मावशी म्हणत नसेल असं त्या रस्त्यावर कुणी नव्हतं. तिने दुकानदाराला सात आरसे काढायला लावले आणि एकातही स्वतःचा चेहरा पाहिला नाही. ती दाराकडे पाठ करून उभी राहिली आणि एकेका आरशात दाराची चौकट सरळ दिसते का ते बघू लागली. काच वाईट असली की सरळ रेघही मध्येच पोट काढते. दुकानदार कंटाळून म्हणाला, "घ्या हो कुठलाही, सगळे सारखेच आहेत."

"तुमच्या दृष्टीने नवरेही सगळे सारखेच असतील," मावशी म्हणाली, "पण घरी नेऊन वापरायचा मला आहे."

माझ्यात दाराची रेघ वाकली नाही, म्हणून मावशीने मला घेतलं. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला होता.

मावशीचं पार्लर म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक खोली. दोन खुर्च्या, केस धुवायचं एक बेसिन, थांबणाऱ्यांसाठी बाक आणि दाराला जाड पडदा. माझी जागा बेसिनशेजारच्या खिळ्यावर होती. तिथून मला सगळं दिसायचं आणि ऐकूही यायचं. मला वाटलं होतं, इथे बायका केस कापायला येत असतील. आठवड्याभरात कळलं की केस हे नुसतं निमित्त असतं. केस पडू नयेत म्हणून घालतात ते कापड अंगावर पडलं आणि मानेशी गाठ बसली की बायकांची जीभ सुटते. सासूचं, सुनेचं, साहेबाचं, न झालेल्या लग्नाचं आणि झालेल्या लग्नाचं, सगळं त्या खुर्चीत निघायचं आणि जमिनीवरच्या केसांबरोबर झाडून टाकलं जायचं.

एकदा एक नवी आई आली. बाळंतपणानंतर तिचे केस मूठमूठ गळत होते. मागच्या बाजूला, जिथे तिला दिसणं शक्य नव्हतं, बटणाएवढी चाई पडली होती. चाई म्हणजे केस जाऊन उघडी पडलेली गुळगुळीत जागा. ती बिचारी आधीच रडून रडून अर्धी झाली होती. मावशीने केस नीट कापले, फुलवले आणि मला उचललं. "मागचं दाखवते हं," ती म्हणाली आणि तिने मनगट वळवलं. अगदी जरासं. समोर त्या मुलीला दिसली ती तिची मान, कानामागचे सारखे कापलेले केस आणि खिडकीतला उजेड. चाई माझ्या कडेच्या बाहेर राहिली. मुलगी हसली. सहा महिन्यांनी त्या जागी पुन्हा केस आले, आणि तिथे काही होतं हे तिला कधी कळलंच नाही. मावशीला आणि मला, दोघांनाही वाटलं की आपण मोठं पुण्याचं काम केलं.

पुढे मावशीची भाची हाताखाली आली. आज जी माझी मालकीण आहे ती हीच. गिऱ्हाइकं तिला ताई म्हणतात. कात्री धरणं ती वर्षभरात शिकली, रंग कालवणं दोन वर्षांत, पण मला धरायला मावशीने तिला तब्बल चार वर्षं दिलं नाही. "केस काय, चुकले तर वाढतात," मावशी म्हणायची. "आरसा चुकला तर बाई घरी जाऊन रडते. माणूस खुर्चीतून हलकं होऊन उठलं पाहिजे ग. केसांचं वजन ते असून असून किती असणार? बाकीचं आपण उतरवायचं."

ताईने हे मनावर घेतलं. जरा जास्तच घेतलं, असं मला आता वाटतं. मावशी गेली, खोली ताईच्या नावावर झाली, आणि गिऱ्हाइकांची सुखदुःखंही जणू तिच्याच नावावर झाली. कुणाचा भोवरा डावीकडे आहे, कुणाच्या कानामागे टाके घातलेले आहेत, कुणाला पाणी कोमट लागतं, कुणाला उजव्या कानाने ऐकू येत नाही म्हणून डावीकडून बोलायचं, हे सगळं तिच्या डोक्यात. एका बाईचा नवरा घर सोडून गेला तेव्हा ताईने तिला भलत्याच दिवशी बोलावून बेसिनशी बसवलं आणि दोन तास तिचे केस धुतले होते. कारण बेसिनमध्ये मान मागे टाकून रडलं तर डोळ्यांतलं पाणी कुणाला दिसत नाही. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांच्या घरी ती पिशवी घेऊन जायची. पिशवीत कात्री, कंगवा, कापड आणि टॉवेलात गुंडाळलेला मी. उशीला घासून घासून त्यांच्या डोक्याचे मागचे केस उडालेले असत. तिथे घरचं कुणीतरी समोर दुसरा आरसा धरायचं, आणि मला बहुतेक तिरपंच धरावं लागे.

मित्रांनो, हे काम दुरून गमतीचं वाटतं. दिवसभर उभं राहून ताईच्या पोटऱ्यांच्या शिरा दोरासारख्या फुगल्या आहेत. कापलेल्या केसांचे बारीक तुकडे काट्यासारखे बोटांत आणि तळपायांत रुततात. घरी जाण्याआधी ती बाकावर बसून चिमट्याने ते काढते. रंगाच्या पाण्याने हातांची सालं निघतात. आणि यातलं काहीही चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही, कारण पुढची बाई हलकी व्हायला आलेली असते. एवढ्या बायकांचं उतरवून घेतलेलं ओझं ताई कुठे ठेवत असेल, हा प्रश्न मला पडायचा. पण मला कोण विचारतो?

आता मूळ गोष्टीकडे येतो. इतका वेळ टाळत होतो.

आमच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, घड्याळ दुरुस्तीचं चिमुकलं दुकान आहे. आधी नवरा-बायको दोघं मिळून ते चालवायची. नवरा आजारी पडल्यावर बाई एकटीच डोळ्याला भिंग लावून बसू लागली. तिला आम्ही घड्याळवाल्या काकू म्हणतो. साठीच्या पुढच्या, अंगाने काटकुळ्या आणि जिभेने तिखट. दर तीन आठवड्यांनी केस अगदी बारीक कापून घ्यायच्या. "काप बाई, काप," म्हणायच्या, "नाहीतर माझाच केस कुणाच्या तरी घड्याळात अडकायचा आणि त्याची गाडी चुकायची." मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. नवऱ्याने दोन वर्षं अंथरूण धरलं होतं. त्या दिवसांत एकदा काकू डोळे मिटून खुर्चीत बसल्या होत्या आणि म्हणाल्या, "इथं आलं की बरं वाटतं ग. डॉक्टर वाईट सांगतात, तपासणीचे कागद वाईट सांगतात, फोन वाजला तरी त्यातून वाईटच येतं. तुझ्या खुर्चीत तासभर कुणी मला काही वाईट सांगत नाही."

ताईचा हात थांबला. तिने नुसतं काकूंच्या खांद्यावर थोपटलं. मला वाटतं, पुढचं सगळं त्या वाक्यापासून सुरू झालं.

काही आठवड्यांनी नवरा गेला. त्यानंतर महिन्याच्या आत काकू पहिल्यांदा केस कापायला आल्या. मशीनने मानेवरचे केस बारीक करताना ताईला उजव्या कानाच्या मागे, थोडं वर, एक काळा ठिपका दिसला. मसुराच्या डाळीएवढा. आधी तिथे तो नव्हता; काकूंचं डोकं ताईला पाठ होतं. तिने बोट फिरवून पाहिलं, कंगवा ठेवला, पुन्हा पाहिलं. तीळ असेल, ती मनात म्हणाली असणार. नवा तीळ काय, येतो कुणाला. मग तिने मला उचललं. मी काकूंच्या मानेमागे गेलो, आणि ताईचं मनगट जरासं वळलं.

"छान," काकू म्हणाल्या आणि उठल्या.

पुढच्या खेपेला सांगू, असं ताईने ठरवलं होतं हे मी शपथेवर सांगतो. पण पुढच्या खेपेला काकू नुकतंच दुकान पुन्हा उघडून आल्या होत्या. किती दिवसांनी चेहऱ्यावर थोडी धुगधुगी होती. त्याच्या पुढच्या खेपेला मुलीचा फोन आला होता म्हणून खुशीत होत्या. मग एकदा सर्दीने बेजार होत्या. बरं सांगायला बरा दिवस मिळतो. वाईट सांगायला कुठलाच दिवस बरा नसतो. दर वेळी ताई मूग गिळून गप्प बसायची आणि दर वेळी मी तिरपा व्हायचो. ठिपका मात्र वाढत होता. त्याच्या कडा वेड्यावाकड्या झाल्या, एका अंगाने काळा आणि दुसऱ्या अंगाने तांबूस. मला सगळं दिसत होतं. ज्याच्या काचेत दाराची रेघ वाकली नव्हती तो मी, दर तीन आठवड्यांनी एका बाईला अर्धीच मान दाखवत होतो.

आणि एके दिवशी कंगवा लागून तिथून रक्त आलं. जास्त नाही, कापसाच्या एका बोळ्यात मावेल एवढं. पण कंगवा रोजच्यासारखाच हळू फिरला होता. रक्त यायचं काही कारण नव्हतं.

"काय झालं ग?" काकूंनी विचारलं.

"काही नाही काकू, कंगव्याचा दात लागला वाटतं. सॉरी हं."

"अगं, चालायचंच. दमली आहेस तू."

इतके दिवस ताई फक्त बोलत नव्हती. त्या दिवशी ती खोटं बोलली. काकू गेल्यावर ती बाकावर बसून राहिली, हातात तो कापसाचा बोळा घेऊन. मग तिने मोबाइल काढला आणि वाचत सुटली. वाचता वाचता तिचा चेहरा पांढराफटक पडला. बाकावर थांबलेल्या बाईला तिने "आज जमणार नाही, माफ करा," म्हणून परत पाठवलं. इतक्या वर्षांत तिने असं कधी केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती पार्लर उघडून दारातच उभी राहिली. समोरच्या दुकानाचं शटर वर गेलं तशी तरातरा रस्ता ओलांडून गेली आणि काकूंना हाताला धरून घेऊन आली. दाराचा पडदा ओढून घेतला.

"अगं, काय झालंय? अजून दिवाही लावला नाही मी दुकानात," काकू म्हणाल्या.

"बसा, काकू. पाचच मिनिटं."

ताईने मला खिळ्यावरून काढलं. तिचा तळवा घामाने ओला होता, दांडा निसटत होता. तिने मला काकूंच्या मानेमागे धरलं, आणि या वेळी मनगट वळलं नाही. दुसऱ्या हाताने तिने कानामागचे केस बाजूला केले. मी सरळ होतो. इतक्या महिन्यांनी सरळ होतो, आणि मला ते सोसवत नव्हतं.

काकू पुढे वाकल्या. घड्याळात बघायची सवय झालेले ते डोळे बारीक झाले.

"हे काय आहे?"

"मला नाही माहीत, काकू. डॉक्टरांना दाखवायला हवं. आजच. मी येते बरोबर."

"काल कंगवा लागला म्हणालीस, ते इथेच?"

"हो."

"कधीपासून आहे हे?"

मित्रांनो, 'कालच दिसलं' एवढं म्हटलं असतं तरी ताई सुटली असती. ते दोन शब्द तिच्या ओठांवर आलेले मला समोरच्या आरशात दिसले. तिने ते गिळले.

"आठ महिने झाले," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"आठ महिन्यांत अकरा-बारा वेळा आले मी," काकू म्हणाल्या. "दर वेळी तू मागचं दाखवलंस. मी बघितलं. मग मला कसं नाही दिसलं?"

"मी आरसा तिरपा धरत होते."

"का?"

"तुम्हीच म्हणाला होतात ना काकू, की इथे कुणी वाईट सांगत नाही... काका नुकतेच गेले होते. मला वाटलं, साधा तीळ असेल. मला वाटलं, उगीच तुमच्या जिवाला घोर..."

"तुला वाटलं!" काकू ताडकन उठल्या. "दुसऱ्यांच्या घड्याळातला केसाएवढा कचरा मी शोधून काढते. आणि माझ्या स्वतःच्या डोक्यावरचं तू माझ्यापासून लपवून ठेवलंस? दोन वर्षं नवऱ्याचं सगळं केलं मी या हातांनी. मी काय काचेची आहे, फुटायला?"

मी काचेचाच आहे, पण ते मलाही लागलं.

काकू एकट्याच डॉक्टरांकडे गेल्या. ताई पर्स घेऊन मागे धावली, तर त्यांनी वळूनही पाहिलं नाही. मग बाकावरच्या बोलण्यातून तुकड्यातुकड्याने कळत गेलं. तुकडा काढून तपासायला पाठवला. जे असू नये तेच निघालं, कातडीचा कॅन्सर. मुलगी येऊन राहिली. ऑपरेशन झालं. समोरचं शटर खाली होतं ते खालीच राहिलं.

एकदा ताई नेहमीची पिशवी घेऊन काकूंच्या घरी गेली. मी पिशवीतच होतो. दार मुलीने उघडलं.

"आईला कुणाला भेटायचं नाहीये," ती म्हणाली.

"कुणाला, की मला?"

मुलगी थोडी घुटमळली. "तुम्हाला," ती म्हणाली आणि हळूच दार लावून घेतलं.

त्या दिवसापासून ताईने मला हातात घेतलं नाही. बेसिनखालच्या खणात टाकलं, दात तुटलेले कंगवे आणि आटून दगड झालेल्या रंगाच्या नळ्यांच्या सोबतीला. कुणी मागचं बघायला मागितलं तर ती मोबाइलने फोटो काढून पुढे करायची. खणाच्या फटीतून मला तिचे पाय तेवढे दिसत. ते पाय हल्ली फार सावकाश चालत. आणि बोलणं तर मी ऐकतच होतो. आधी जी काही सांगत नव्हती, ती आता सगळंच सांगू लागली होती. प्रत्येकीच्या डोक्यावरचा प्रत्येक तीळ, प्रत्येक पुळी, प्रत्येक पांढरा केस. "हे दाखवून घ्या," "ते दाखवून घ्या." एक बाई वैतागून म्हणाली, "अहो ताई, मी केस कापायला आले आहे की शरीराची तपासणी करायला?" तिच्यासकट दोघी-तिघी पुन्हा आल्या नाहीत. ताई चुकीच्या एका टोकावरून निघून थेट दुसऱ्या टोकाला जाऊन बसली होती. खणात अंधार होता, पण मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटायचं ते एवढंच, की काकू आहेत की नाहीत हे कुणीतरी नीट सांगावं.

चार महिने असे गेले. मग एका दुपारी पडदा सरकल्याचा आवाज आला आणि ताईचे पाय जागच्या जागी खिळले.

"गर्दी नाही ना?" आवाज काकूंचाच होता. थोडा खोल गेलेला, पण तिखटपणा शाबूत.

"नाही... या ना काकू. बसा."

"बसतेच आहे. तुझ्या परवानगीची वाट बघत नव्हते." खुर्ची करकरली. "डोक्यावरचा रुमाल काढते. घाबरू नकोस."

ताईचे पाय एक पाऊल मागे सरले.

"वाटीएवढा भाग काढला," काकू म्हणाल्या. "मांडीची कातडी काढून तिथे लावली आहे. दर तीन महिन्यांनी तपासायला जायचं. डॉक्टर म्हणाले, आठ महिने आधी आला असतात तर टाचणीएवढ्यावर भागलं असतं. मी त्यांना म्हटलं, आणखी चार महिने उशिरा आले असते तर? त्यांनी नुसती नकारार्थी मान हलवली."

"काकू, मला माफ..."

"नाही केलं अजून. घाई करू नकोस. राग आहे माझ्या मनात, आणि तो राहणार. पण केस वाढलेत ना. दुसरीकडे कुठे जाऊ? दुसरीला माझा भोवरा कुठे आहे ते माहीत नाही."

ताईने कात्री घेतली. त्या दिवशी तिला तासभर लागला. मला नंतर दिसली त्या चकचकीत, गुलाबी, खोलगट जागेच्या भोवती कात्री फुंकर घातल्यासारखी हळू वाजत होती. संपल्यावर तिने खिशातून मोबाइल काढला असावा.

"ते काय? आरसा कुठंय?"

"हल्ली नाही वापरत, काकू."

"काढ."

खण उघडला. उजेड आला तसे माझे डोळे दिपले. ताईने मला आपल्या ओढणीने पुसलं, दोनदा पुसलं, आणि काकूंच्या मानेमागे धरलं. सरळ. काकू बघत राहिल्या. मीही बघत होतो. ती जागा सुंदर नव्हती, मित्रांनो, आणि ती सुंदर आहे असं कुणी म्हणालंही नाही. काकूंनी एक लांब श्वास घेतला.

"कापलेस मात्र सारखे," त्या म्हणाल्या. मग खुर्चीच्या हातावर जोर देऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता तू बस."

"मी?"

"तूच. इथे दुसरं कोण आहे?"

"अहो काकू, माझं कुठे काय... चार वाजता एक बाई यायची आहे."

"ती थांबेल. बस म्हटलं ना."

ताई स्वतःच्या खुर्चीत बसली. इतक्या वर्षांत मी तिला तिथे बसलेलं कधी पाहिलं नव्हतं. ती कायम मागे उभी. काकूंनी तिचा अंबाडा सोडला. मग चष्मा नाकावर खाली ओढून, कंगव्याच्या टोकाने, एक एक भांग पाडत त्या बघू लागल्या. कानामागून सुरुवात करून टाळूपर्यंत, मग पुन्हा खाली मानेपर्यंत. घड्याळ उघडून बसल्यावर बघत असतील तसंच बघत होत्या. कुठलीही घाई नव्हती.

"तुझं मागचं कोण बघतं ग?" त्यांनी विचारलं.

ताई विचार करू लागली. खरंच विचार करू लागली. एकेक नाव मनात आणून बाजूला ठेवत असावी. मग हळूच म्हणाली, "कुणीच नाही."

"वाटलंच मला." काकूंनी मला उचललं. धरण्याची पद्धत अगदीच चुकीची. दांडा वर, मी उलटा, आणि त्यांचा हात आजारपणाने थरथरत होता. समोरच्या आरशात आधी छत दिसलं, मग पंखा, मग काकूंची हनुवटी.

"थोडं डावीकडे, काकू. खाली. हं. तिथेच."

आणि मग ताईला ताई दिसली. मुळांशी पांढरे झालेले केस. घट्ट अंबाडा बांधून बांधून मधोमध विरळ झालेली जागा. पुढे वाकून वाकून मानेवर पडलेली आडवी घडी. दोन्ही खांदे कानांपर्यंत चढलेले, जणू काही कायम कुणीतरी मागून हाक मारणार आहे. तीळ नव्हता, ठिपका नव्हता, चाईसुद्धा नव्हती. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. तरी ती बघतच राहिली.

"अगंबाई," ती म्हणाली. "ही मी?"

"तूच," काकू म्हणाल्या. "आणि दमलेली दिसतेस. खोटं कशाला सांगू?"

ताईने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि ती रडली. बेसिनमध्ये मान टाकून नव्हे. खुर्चीत, उजेडात, सगळ्यांना दिसेल असं. काकूंनी तिला गप्प केलं नाही. त्यांचा हात भरून आला होता, तरी त्यांनी मला खाली ठेवलं नाही. चार वाजता यायची होती ती बाई पडद्यातून डोकावली आणि काही न बोलता बाकावर जाऊन बसली.

मित्रांनो, मला एवढंच सांगायचं होतं. आता मी पुन्हा त्या खिळ्यावर असतो. काकू अजून दर तीन आठवड्यांनी येतात आणि त्यांचा राग अजून पुरता गेलेला नाही. माझ्या कडेची चांदी काळी पडत चालली आहे. एखाद्या दिवशी मला काढून टाकतील, आणि त्यात वाईट वाटण्यासारखं काही नाही. पण तुमच्या घरात, शाळेत, रस्त्यावर कुणीतरी असं असेल, की जे दिवसभर सगळ्यांच्या मागे उभं राहून सगळ्यांचं बघतं. त्या माणसाला एकदा हात धरून बसवा. त्याच्या मागे तुम्ही उभे राहा आणि जे दिसेल ते त्याला सांगा. पहिल्यांदा तुम्हाला ते नीट जमणार नाही, हात थरथरेल. कुठे धरायचं ते तोच सांगेल.